ई-पुस्तकांचे छोटे दुकान

पुस्तकांचे दुकान काढायचे म्हटले, की पहिला प्रश्न येतो तो जागेचा. ठाण्यात टेंभी नाक्यासारख्या भर वस्तीत चार फळ्या मावतील एवढा गाळा घ्यायचा, तर अनामत रक्कम, दरमहाचे भाडे, दिवाबत्ती आणि माल भरून ठेवण्याचे भांडवल, इतके सारे आधी उभे करावे लागते. एवढे करून पावसाळ्यात दमट हवेने पाने चिकटायची ती चिकटतातच. वाळवीचे तर नावच काढायला नको! याच्या उलट ई-पुस्तकांचे दुकान. त्याला गाळा नको, फळी नको, गोदाम नको. एक प्रत तयार करावी आणि हजार गिऱ्हाइकांना विकावी. तरी मूळ प्रत जागच्या जागी. हे ऐकून कोणाही होतकरू तरुणाला वाटावे, की असा सोपा धंदा दुसरा नाही. आमच्या कॉलेजातले विद्यार्थी हा प्रश्न मला अधूनमधून विचारतात. काही शिक्षकबंधूही विचारतात. श्रोतेहो, म्हणून आज आपण या धंद्याचा थोडा हिशेबाने विचार करू.

पहिली गोष्ट अशी, की जे काढायला आपल्याला सोपे, ते सगळ्यांनाच सोपे. नवरात्रात टेंभी नाक्यावर देवीच्या दर्शनाला केवढी गर्दी लोटते, हे ठाण्याच्या लोकांना सांगायला नको. गर्दी पाहून प्रत्येकाला वाटते, आपणही एक पाट मांडून बसावे. पण दहा जण शेजारीशेजारी तेच फुगे आणि त्याच पिपाण्या घेऊन बसले, म्हणजे गिऱ्हाईक फक्त एकच विचारते : "कितीला दिला?" मग जो सर्वांत कमी सांगेल त्याचा माल जातो, आणि कमी सांगण्याची ऐपत ज्याच्या अंगात जास्त, तोच शेवटपर्यंत बसतो. ई-पुस्तकांच्या बाजाराची हीच अवस्था आहे. तेव्हा "दुकान कसे काढू?" हा प्रश्न दुसरा. "माझ्याच दुकानात माणसाने का यावे?" हा पहिला.

त्याचे उत्तर शोधण्यापूर्वी माल ओळखून घेऊ. ई-पुस्तक म्हणजे काय? पुष्कळांची समजूत अशी, की छापील पुस्तकाच्या पानांचे फोटो काढले, ते एकत्र बांधले, की झाले ई-पुस्तक. पीडीएफ नावाचा जो प्रकार आपल्या मोबाइलवर येऊन पडतो, तो बहुधा असाच असतो. त्यात पानाची चौकट ठरलेली असते. मोठे पान लहान पडद्यावर वाचायचे, म्हणजे दाराच्या फटीतून अंगण पाहण्यासारखे होते. ओळ वाचता वाचता बोटाने पान डावीकडून उजवीकडे सरकवावे लागते. चार पानांत माणूस कंटाळतो. दुसरा प्रकार ई-पब. याचे मानक २००७ साली ठरले. यात अक्षरे पाण्यासारखी असतात. भांड्याचा जो आकार, तो त्यांचा आकार. पडदा लहान असो की मोठा, ओळ त्याप्रमाणे बसते. चष्मा विसरलेल्या आजोबांना अक्षर मोठे करता येते. डोळ्यांनी अधू असलेल्या विद्यार्थ्याला तोच मजकूर यंत्राकडून वाचून घेता येतो. शिवाय फोटोंची पीडीएफ पुष्कळदा जड होते, तर निव्वळ मजकुराचे ई-पब फारच हलके असते. जिथे मोबाइलला धड रेंज नाही, तिथे या फरकाला मोठी किंमत आहे.

आता मराठीची एक खास अडचण सांगतो. आपल्याकडे गेल्या पिढीतली हजारो पुस्तके संगणकावर जुळवली गेली ती श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये. कागदावर ती अक्षरे सुरेख उमटत. पण संगणकाच्या दृष्टीने ती देवनागरी अक्षरे नव्हेतच. इंग्रजी अक्षरांच्या सांकेतिक जागांवर बसवलेल्या त्या देवनागरी आकृत्या. फॉन्ट काढून घेतला, की मागे अर्थहीन गिचमीड उरते. ई-पबला युनिकोड लागते, म्हणजे जगभर एकच ठरलेली अक्षरांची संकेतपद्धती. जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये आणणारी साधने आहेत, पण ती जोडाक्षरांत, रफारात, ऱ्हस्व-दीर्घात चुका करतात. त्या चुका माणसानेच ओळीओळीने वाचून काढाव्या लागतात. म्हणजे ई-पुस्तक फुकट तयार होते, ही समजूत खरी नव्हे. कागद आणि शाई वाचते. मुद्रितशोधकाची मेहनत वाचत नाही.

आता बाजारात कोण कोण बसले आहे ते पाहू. सर्वांत मोठे दुकान ॲमेझॉनचे. त्याचे किंडल हे वाचनयंत्र २००७ साली अमेरिकेत निघाले, आणि डिसेंबर २०१६ मध्ये त्या दुकानात मराठीसह पाच भारतीय भाषांची पुस्तके आली. गूगलचेही पुस्तकांचे दुकान आहे. आपल्या मराठीत पुण्याचे बुकगंगा आहे. मंदार जोगळेकर यांनी ते उभे केले. तिथे छापील पुस्तके आणि ई-पुस्तके दोन्ही मिळतात, आणि वाचण्यासाठी त्यांचे स्वतःचे ॲपही आहे. ही झाली विकणारी मंडळी. पण याहून कठीण स्पर्धा आहे ती फुकट देणाऱ्यांची! खुद्द ठाण्याहून चालणारे ई साहित्य प्रतिष्ठान कित्येक वर्षे मराठी ई-पुस्तके वाचकांना विनामूल्य पोचवीत आले आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक मौलिक पुस्तके संकेतस्थळावर मोफत आहेत. बालभारतीची पाठ्यपुस्तके आहेत, मराठी विश्वकोश आहे, केतकरांचा ज्ञानकोश आहे. ही सारी चांगली कामे आहेत, आणि वाचक म्हणून आपण त्यांचे ऋणी असले पाहिजे. पण दुकानदाराने एवढे ध्यानात ठेवावे, की शेजारी पाणपोई असताना आपण पाणी विकायला निघालो आहोत. तेव्हा आपल्या पाण्यात काही निराळे हवे.

मोठे दुकान म्हणजे टिकणारे दुकान, असेही समजू नका, बरं का! फ्लिपकार्टसारख्या बलाढ्य कंपनीने फ्लाइट या नावाने आधी २०१२ साली गाणी विकायला काढली. फुकट गाण्यांचा सुळसुळाट आणि पाच-दहा रुपये सोयीने घेण्याचे साधन नाही, अशा दुहेरी कात्रीत सापडून तो विभाग २०१३ सालीच बंद पडला. त्याच कंपनीने २०१२ च्या अखेरीस ई-पुस्तकेही विकायला घेतली होती. तो व्यवहारही २०१५ च्या डिसेंबरात आवरला आणि गिऱ्हाइकांची पुस्तके कोबो या परदेशी कंपनीकडे सोपवली. त्यातली एक अडचण आता दूर झाली आहे. २०१६ साली यूपीआय आले, आणि आज मुरबाडच्या बाजारात भाजीवालासुद्धा दहा रुपये मोबाइलवर घेतो. दुसरी अडचण मात्र होती तशीच आहे. फुकटचा ओघ थांबलेला नाही.

आता थोडा हिशेब मांडू. आकडे मी केवळ उदाहरणासाठी धरतो आहे. तुमचे आकडे तुम्ही त्या जागी घाला. समजा, एका ई-पुस्तकाची किंमत करासह १०० रुपये आहे. इथे एक मौज पाहा. छापील पुस्तकावर जीएसटी नाही. पण तेच पुस्तक ई-पुस्तक झाले, की त्यावर कर आहे. जुलै २०१८ मध्ये तो १८ वरून ५ टक्क्यांवर आणला, पण तोही ज्या ई-पुस्तकाची छापील आवृत्ती आहे त्याच्यापुरता. तेव्हा शंभरातले सुमारे पावणेपाच रुपये करापायी गेले. उरले सव्वापंचाण्णव. त्यातले ६० टक्के प्रकाशकाला किंवा लेखकाला द्यायचे ठरले, तर सत्तावन्न रुपये गेले. उरले अडतीस. पैसे स्वीकारण्याचा खर्च दोन रुपये धरा. तुमच्या हाती राहिले छत्तीस. आता संकेतस्थळाचे भाडे, मुद्रितशोधन, अर्धवेळ मदतनीस, जाहिरात आणि फोन मिळून महिन्याचा खर्च १८ हजार रुपये धरला, तर निव्वळ खर्च भागवण्यासाठी दरमहा ५०० पुस्तके विकली गेली पाहिजेत. म्हणजे रोज सोळा-सतरा. तुमचे स्वतःचे वेतन यात अजून धरलेलेच नाही! मोठ्या दुकानाने तेच पुस्तक चाळीस रुपयांना दिले किंवा महिन्याच्या वर्गणीत घालून टाकले, तर तुम्ही चाळीसला विकून घर चालवू शकाल काय? हिशेबच सांगतो, की नाही. आणि ॲपच्या बाजारातून माल विकला, तर त्या बाजाराचा मालक साधारणपणे १५ ते ३० टक्के आपला वाटा घेतो. म्हणून शक्यतो विक्री आपल्या संकेतस्थळावरून करावी आणि ॲप केवळ वाचण्यापुरते ठेवावे. तुमच्या उलाढालीला नोंदणी केव्हा लागते, कर कसा भरायचा, हे मात्र एखाद्या जाणत्या कर-सल्लागाराला आरंभीच विचारून घ्यावे. ऐकीव माहितीवर चालू नये.

यावरून एक गोष्ट उघड होते. किमतीच्या लढाईत छोट्याने उतरू नये. त्याने आपली पेठ निवडावी, आणि ती लहानच निवडावी. "सर्व मराठी पुस्तके मिळतील" ही पाटी त्याने लावूच नये. त्याऐवजी "शालेय बालनाट्ये आणि समूहगीते मिळतील" ही पाटी लावावी. जूनपासून फेब्रुवारीपर्यंत गावोगावचे शिक्षक स्नेहसंमेलनासाठी वीस मिनिटांचे, दहा पात्रांचे, फारसे नेपथ्य न लागणारे नाटुकले शोधत असतात. ते त्यांना एका जागी, पात्रसंख्येनुसार लावून, नमुन्याची दोन पाने आधी वाचायला देऊन, प्रयोगाच्या परवानगीसह मिळाले, तर साठ रुपये देताना कोणी कुरकुर करणार नाही. तसेच ठाणे-कल्याण भागाचा स्थानिक इतिहास, आगरी बोलीतले लेखन, वारली समाजाच्या कथा, भातशेती आणि परसबाग, जुन्या दिवाळी अंकांतले निवडक साहित्य. १९०९ साली का. र. मित्र यांच्या 'मनोरंजन'ने दिवाळी अंकाची प्रथा घातली. त्यानंतरच्या शंभरावर वर्षांतले कितीतरी चांगले लेखन त्या त्या दिवाळीपुरते वाचले गेले आणि अडगळीत पडले. ही शेते लहान आहेत म्हणूनच मोठा नांगर तिथे येत नाही. तिथे कुदळीने काम करणाऱ्याला वाव आहे.

पण दुसऱ्याच्या शेतात कुदळ घालण्यापूर्वी मालकाला विचारले पाहिजे. म्हणजे हक्कांचा प्रश्न आला. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात आरंभी लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षे हक्क राहत असे. १९९२ मध्ये ती मुदत ६० वर्षे झाली. ही ६० वर्षे मृत्यूच्या पुढल्या कॅलेंडर वर्षापासून मोजतात. उदाहरणार्थ, साने गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनावरचा हक्क २०१० च्या अखेरीस संपला. हरिभाऊ आपटे आणि राम गणेश गडकरी दोघेही १९१९ साली गेले. त्यांचे साहित्य तर केव्हाच सर्वांचे झाले आहे. मात्र दोन पथ्ये पाळावीत. जुन्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीतली प्रस्तावना, टिपा, चित्रे, मुखपृष्ठ यांचे हक्क वेगळे असतात. अनुवादाचा हक्क अनुवादकाचा, तो मूळ लेखकाबरोबर संपत नाही. आणि व्यवहाराच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट : जे तुम्हाला फुकट घेता येते, ते इतरांनाही घेता येते. हक्कमुक्त पुस्तकांवरच सारे दुकान उभारले, तर पुन्हा फुगे आणि पिपाण्याच!

मग हयात लेखकांची किंवा हक्क शाबूत असलेली पुस्तके घ्यायची कोणाकडून? इथे कायद्यातली एक तरतूद छोट्या दुकानदाराने नीट समजून घ्यावी. समजा, एखाद्या लेखकाने १९६५ साली आपल्या कादंबरीचे हक्क प्रकाशकाला लिहून दिले. तेव्हा ई-पुस्तक कोणाच्या स्वप्नातही नव्हते. मग ई-पुस्तकाचा हक्क कोणाचा? २०१२ साली कायद्यात दुरुस्ती झाली. तिच्यानुसार, करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वात किंवा व्यापारी वापरात नव्हते, त्याला तो करार लागू होत नाही. करारात त्या माध्यमाचा स्पष्ट उल्लेख असेल तर गोष्ट वेगळी. ही दुरुस्ती जुन्या करारांना कितपत लागू पडते, हे प्रत्येक करार वकिलाला दाखवून ठरवावे. पण दुकानदाराला त्यातून वाट दिसते ती अशी, की प्रकाशकाला विचारावे आणि लेखकाला किंवा त्याच्या वारसांनाही विचारावे. दोघांची लेखी संमती असली, म्हणजे पुढे भांडण राहत नाही. करारात मुदत किती, प्रदेश कोणता, वाटा किती टक्के, हिशेब दर किती महिन्यांनी, हे सारे लिहावे. मुदत लिहिली नाही, तर कायदा ती पाच वर्षे धरतो. प्रदेश लिहिला नाही, तर भारतापुरता धरतो. तोंडी "घ्या हो, छापा हो" यावर विसंबू नये. मराठी माणसाचा शब्द मोलाचा खराच. पण वारसांच्या पुढल्या पिढीला तो शब्द ऐकू आलेला नसतो.

काही लेखक स्वतःच ॲमेझॉनवर पुस्तक चढवतात. तिथे भारतातल्या विक्रीवर ७० टक्के वाटा हवा असेल, तर ९० दिवसांच्या मुदतीत ते ई-पुस्तक दुसरीकडे कुठेही न देण्याची अट लेखकाला मान्य करावी लागते. तेव्हा लेखकाशी बोलताना "तुमचे पुस्तक दुसरीकडे बांधलेले नाही ना?" हे आधी विचारावे. नाहीतर लेखकही अडचणीत आणि तुम्हीही.

आता येऊ विश्वासाच्या प्रश्नाकडे. ई-पुस्तक विकत घेतले म्हणजे नेमके काय घेतले? छापील पुस्तक घरात आले, की ते तुमचे. दुकानदार रात्री येऊन ते फळीवरून काढून नेऊ शकत नाही. ई-पुस्तकाच्या बाबतीत हे घडले आहे. जुलै २००९ मध्ये जॉर्ज ऑर्वेलच्या दोन कादंबऱ्यांच्या हक्कांबद्दल गोंधळ निघाला, तेव्हा ॲमेझॉनने त्या गिऱ्हाइकांच्या यंत्रांतून दुरूनच पुसून टाकल्या. पैसे परत केले, पण लोक संतापले. मायक्रोसॉफ्टने २०१९ साली आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हाही पैसे परत मिळाले आणि पुस्तके नाहीशी झाली. कारण अशा पुस्तकाला कुलूप असते, आणि किल्ली दुकानदाराजवळ. तो गेला, की किल्ली गेली. मग विचार करा, मायक्रोसॉफ्टसारख्या कंपनीची ही कथा, तर टेंभी नाक्यावरच्या चिमुकल्या दुकानावर गिऱ्हाइकाने का विश्वास ठेवावा? "हे पोरगं दोन वर्षांत दुकान गुंडाळून नोकरीला लागलं, तर माझी पुस्तकं गेली!" असे त्याला वाटले, तर त्यात त्याची चूक नाही.

यावर छोट्याला एक उपाय आहे, आणि तोच त्याचे बळ ठरू शकेल. त्याने कुलूप लावू नये. लेखकाच्या संमतीने साधे, बिनकुलपी ई-पब द्यावे. गिऱ्हाइकाने ते आपल्या कोणत्याही यंत्रावर ठेवावे. प्रत्येक प्रतीत विकत घेणाऱ्याचे नाव मात्र छापावे. "ही प्रत अमुक यांनी घेतली" असे पहिल्या पानावर असले, की माणूस ती गावभर वाटताना दोनदा विचार करतो. हॅरी पॉटरची ई-पुस्तके २०१२ साली विक्रीला आली, तेव्हा त्यांतही कुलपाऐवजी अशा खुणेची पद्धत वापरली होती. जगातल्या अत्यंत खपाच्या पुस्तकांना जे परवडले, ते आपल्या बालनाट्यांना परवडायला हरकत नाही. दुकानाच्या दारावर स्पष्ट लिहावे : आम्ही उद्या बंद झालो, तरी तुम्ही घेतलेले पुस्तक तुमच्याजवळच राहील. हे वचन मोठ्या दुकानाला देणे जड जाते. तुम्हाला ते देता येते.

इथे नाजूक विषय आला, तोही बोलून टाकतो. शिक्षकांच्या मोबाइल-गटांवर पुस्तकांच्या पीडीएफ फिरत असतात. पाठवणाऱ्याचा हेतू बहुधा चांगलाच असतो : मुलांना वाचायला मिळावे. पण हक्क शाबूत असलेल्या पुस्तकाची अशी प्रत वाटणे कायद्याने योग्य नव्हे. जाणूनबुजून हक्कभंग करणाऱ्याला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड, अशी तरतूद कायद्यात आहे. कायदा घटकाभर बाजूला ठेवू. मराठी पुस्तकाची आवृत्ती पुष्कळदा हजारभर प्रतींची किंवा त्याहूनही कमी असते. तीनशे जणांच्या गटावर एक पीडीएफ पडली, तर त्या आवृत्तीचा केवढा हिस्सा गेला, याचा विचार करावा. मोफत आणि वैध पुस्तके पुष्कळ आहेत. त्यांची नावे मी वर सांगितलीच. ती मोकळ्या मनाने वाटावीत. आणि दुकानदाराने आपल्या बाजूने किंमत अशी ठेवावी, विकत घेणे इतके सोपे करावे, की चोरीची वाट मुद्दाम धरावीशी वाटू नये.

गिऱ्हाईक मिळवायचे कसे? जाहिरातीवर पैसा ओतून मोठ्यांशी बरोबरी होणार नाही. छोट्याने जिथे वाचक आधीच जमलेला आहे तिथे जावे. आपल्या भागाचे भाग्य असे, की इथे वाचनाची जुनी मुळे आहेत. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे. 'महाराष्ट्र सारस्वत'कार वि. ल. भावे यांचा त्याच्या स्थापनेत पुढाकार होता. मराठी साहित्य संमेलन २०१० साली ठाण्यात आणि २०१७ साली डोंबिवलीत भरले. डोंबिवलीच्या पै फ्रेंड्स लायब्ररीकडे पाहा. पुस्तके घरपोच देणे, जुन्या पुस्तकांच्या अदलाबदलीचे प्रदर्शन भरवणे, अशा उपक्रमांनी छापील पुस्तकांच्या एका वाचनालयाने मोबाइलच्या युगातही वाचक धरून ठेवला. त्यातून शिकण्याजोगे एवढेच, की वाचक दुकानापेक्षा माणसाला ओळखतो. ई-पुस्तके विकणाऱ्यानेही घरात बसून राहू नये. ग्रंथालयाच्या कार्यक्रमात, शिक्षकांच्या प्रशिक्षणवर्गात, नवरात्राच्या दिवसांत टेंभी नाक्याच्या आसपास परवानगी घेऊन एक छोटे टेबल लावावे. पाटीवर दहा पुस्तकांची नावे आणि प्रत्येकापुढे क्यूआर कोड. ज्याला ई-पुस्तक उघडता येत नाही, त्याला स्वतः हातात मोबाइल घेऊन उघडून दाखवावे. हे काम कोणतेही मोठे दुकान करत नाही.

शहापूर, मुरबाड, किंवा २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच असलेल्या जव्हार-मोखाड्याच्या शिक्षकांचा विचार केला, तर या धंद्याचा खरा उपयोग ध्यानात येतो. तिथल्या गावी पुस्तकांचे दुकान नाही. छापील पुस्तक मागवावे, तर पुस्तकाइतकाच टपालखर्च. पण एखाद्या रविवारी बाजाराच्या गावी रेंज मिळाली, की पाच ई-पुस्तके उतरवून घेता येतात. पुढे महिनाभर रेंजची गरज नाही. शाळेसाठी वेगळा दर ठेवावा : एका शाळेने एकदा पैसे भरले, की त्या शाळेच्या सर्व शिक्षकांना ते पुस्तक वापरता येईल, असा लेखी परवाना. लेखकालाही त्यातून वाटा जाईल आणि शिक्षकालाही चोरट्यासारखे वाटणार नाही.

आणखी एक वाट सहकाराची आहे. महाराष्ट्राला सहकार शिकवायला नको. अमेरिकेत २०२० साली बुकशॉप डॉट ऑर्ग नावाची संस्था निघाली. छोट्या छोट्या पुस्तकविक्रेत्यांना तिने एक सामाईक संकेतस्थळ दिले, आणि जानेवारी २०२५ पासून त्यांच्यासाठी ई-पुस्तकांचीही विक्री सुरू केली. गिऱ्हाईक आपल्या गावचे दुकान निवडते, आणि विक्रीचा लाभ त्या दुकानाला मिळतो. संगणकाचे अवघड काम एकाने करावे, आणि वाचकाशी नाते ज्याचे त्याने सांभाळावे, अशी ही विभागणी. ठाणे, कल्याण, डोंबिवलीचे चार-पाच पुस्तकविक्रेते आणि दोन-तीन छोटे प्रकाशक एकत्र आले, तर रूपांतराचा आणि संकेतस्थळाचा खर्च वाटला जाईल. वर आपण १८ हजारांचा हिशेब केला. सहा जणांत तो प्रत्येकी तीन हजारांवर येतो, आणि मग प्रत्येकाला महिन्याला पाचशेऐवजी चौऱ्याऐंशी पुस्तके विकली तरी खर्च भागतो. रोज सोळा-सतरा विकणे आणि रोज तीन विकणे, यांत पुष्कळ अंतर आहे.

शेवटी सुरुवात कशी करावी, ते थोडक्यात सांगतो. हातची नोकरी किंवा धंदा लगेच सोडू नये. कर्ज काढू नये, घरचे सोने तर मुळीच मोडू नये. एक लहान पेठ निवडावी. त्या पेठेतल्या वीस वाचकांशी बोलावे आणि ते आज कोणत्या पुस्तकासाठी अडले आहेत, ते वहीत टिपावे. मग दोन हजार नव्हे, फक्त वीस पुस्तके घ्यावीत. लेखी कराराने, नीट तपासून. प्रत्येक पुस्तक साध्या, स्वस्तातल्या मोबाइलवर स्वतः पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून पाहावे. चूक सापडली, तर दुरुस्त प्रत जुन्या गिऱ्हाइकांना फुकट पाठवावी. लेखकाचा हिशेब ठरल्या तारखेला, मागण्याआधी द्यावा. वीस लेखकांत ही कीर्ती पसरली, की एकविसावा आपण होऊन येतो. किती पैसे घालायचे आणि किती महिने पाहायचे, हे आधीच कागदावर लिहावे. त्या मुदतीत विकत घेणारे गिऱ्हाईक दुसऱ्यांदा परत येते की नाही, एवढे एकच लक्षण पाहावे. पहिली खरेदी ओळखीपाळखीने होते. दुसरी मालामुळे होते. दुसऱ्यांदा येणारे कोणी नसेल, तर ठरल्या दिवशी काम थांबवावे. त्यात कमीपणा नाही. येणारे असेल, तर पुढली वीस पुस्तके घ्यावीत.

२०११ च्या जनगणनेप्रमाणे मराठी मातृभाषा असलेले आपण ८ कोटी ३० लाख लोक आहोत. त्यांतल्या कोणाला, कोणत्या गावी, कोणते पुस्तक हवे आहे आणि मिळत नाही, हे दूरच्या मोठ्या दुकानाला फारसे ठाऊक नसते. शाळेतल्या मास्तरांना, ग्रंथपालांना आणि नाक्यावर लोकांत ऊठबस करणाऱ्या तरुणाला ते ठाऊक असू शकते. ज्याला ते ठाऊक आहे, त्याने जरूर हा धंदा करून पाहावा. ज्याला ते अजून ठाऊक नाही, त्याने संकेतस्थळ बांधण्यापूर्वी वही-पेन्सिल घेऊन आधी वाचकांकडे जावे.